थर्मोस्टॅट काढून फेकू नका

“आपल्याकडे हवाच एवढी गरम, इथे थर्मोस्टॅट हवा कशाला? टाका काढून!” मोटार तापू लागली की गॅरेजमध्ये हा सल्ला पुष्कळदा मिळतो. मिस्त्री एंजिनातून मुठीत मावेल एवढा एक धातूचा भाग काढून कोपऱ्यात टाकतो आणि नव्याचा खर्च वाचला म्हणून मालकही खूश होतो. विद्यार्थी मित्रांनो, हा सल्ला चुकीचा आहे. तो का चुकीचा, हे कळायला तुमचे शाळेतले भौतिकशास्त्र पुरते, म्हणूनच हा विषय तुमच्यापुढे मांडत आहे.

हा भाग करतो काय, ते आधी पाहू. एंजिनाभोवती पंप पाणी खेळवतो. (हल्ली त्यात ग्लायकॉल मिसळतात व त्या मिश्रणाला कूलंट म्हणतात.) एंजिन थंड असताना हे पाणी रेडिएटरकडे न जाता आडवाटेने एंजिनातच फिरते, कारण वाटेवर थर्मोस्टॅटची झडप बंद असते. झडपेला जोडलेल्या पितळी डबीत मेण असते. ठरावीक तपमानाला, समजा ८२ अंश सेल्सिअसला, ते वितळू लागते. वितळताना त्याचे आकारमान बरेच वाढते, डबीतली दांडी रेटली जाते आणि स्प्रिंगचा जोर मोडून झडप उघडते. साधारण ९५ अंशांना ती पूर्ण उघडी होते. पाणी निवले की मेण गोठते व स्प्रिंग झडप मिटवते. साध्या थर्मोस्टॅटला ना वीज लागते ना तार. सर्जियस व्हर्ने यांनी १९३० च्या दशकात काढलेली ही मेणाची युक्ती आजही तशीच चालू आहे.

आता हवेचा मुद्दा. नागपूरची मे महिन्यातली हवा ४५ अंशांची असेल. पण एंजिनाला हवे असतात ९० च्या आसपासचे अंश. त्याच्या लेखी ४५ म्हणजे थंडीच! सिलिंडरच्या भिंती पुरेशा तापल्या नाहीत तर पेट्रोल त्यांवर जमते आणि वंगणतेलात उतरून ते पातळ करते. ज्वलनातून निघालेल्या वाफेचे पाणी होऊन तेही तेलात साचते व गाळ धरतो. शिवाय आजच्या मोटारीतला संगणक, एंजिन अजून थंडच आहे असे समजून, जास्त इंधन सोडत राहतो. नव्या थर्मोस्टॅटचे वाचलेले पैसे असे पेट्रोलपंपावर जातात.

याहून मोठी गंमत म्हणजे, थर्मोस्टॅट काढलेली मोटार घाटात उलट अधिक तापू शकते. कित्येक एंजिनांत थर्मोस्टॅटच्या खालच्या अंगाला आणखी एक चकती असते. झडप उघडताना ही चकती आडवाट बंद करते. थर्मोस्टॅटच नसला की आडवाट कायमची उघडी राहते. मग खंबाटकी चढताना काही गरम पाणी रेडिएटरचे तोंडही न पाहता परत फिरते. काही जण मात्र याचे कारण असे सांगतात, की पाणी रेडिएटरमधून फार वेगाने जाते, त्याला निवायला वेळच मिळत नाही. हे मला मुळीच मान्य नाही. एका फेरीत पाणी कमी निवेल हे खरे, पण तेवढ्याच वेळात फेऱ्याही जास्त होतात. आणि रेडिएटर वरपासून खालपर्यंत गरम राहिल्याने हवेला उष्णता जास्तच मिळते.

थर्मोस्टॅट बिघडतो तो दोन प्रकारांनी. उघडाच अडकला, तर तपमानाचा काटा लवकर वर येत नाही आणि लांबच्या उतारावर खाली घसरतो. बंद अडकला, तर काटा भराभर तांबड्या खुणेकडे धावतो. पण थर्मोस्टॅट एंजिनाच्या वरच्या तोंडाशी असेल, तर रेडिएटरची वरची रबरी नळी त्या मानाने गारच राहते. मात्र कूलंट कमी असणे, पंखा बंद पडणे, रेडिएटर तुंबणे, पंप निकामी होणे यांमुळेही मोटार तापते. तेव्हा नुसत्या संशयावरून शिक्षा कशाला? परीक्षा घेता येते, आणि तीही अगदी सोपी.

गॅरेजमधून जुना थर्मोस्टॅट मागून आणा व साबणाने स्वच्छ धुवा, कारण ग्लायकॉल विषारी असते. (प्रयोगाचे पातेले पुन्हा स्वयंपाकाला नको.) मोठ्या माणसाकडून झडप किंचित उघडून घ्या, फटीत दोऱ्याचे टोक अडकवा आणि त्याच दोऱ्याने थर्मोस्टॅट पाण्यात लोंबता ठेवा. शेजारी तापमापी टांगा. दोन्ही तळाला टेकू देऊ नका. पाणी ढवळत सावकाश तापवा. झडप उघडताच दोरा सुटतो व थर्मोस्टॅट खाली पडतो. तो क्षण तपमानासह टिपा आणि त्यावर कोरलेल्या आकड्याशी ताडून पाहा. दोन-तीन अंशांचा फरक चालतो. पाणी उकळले तरी तो लटकलेलाच राहिला, तर बिघाड नक्की. महाबळेश्वरच्या विद्यार्थ्यांनी एक ध्यानात ठेवावे : तिथे उघड्या भांड्यातले पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळते, म्हणून चांगली झडपही पूर्ण उघडलेली दिसेलच असे नाही. मोटारीत ही अडचण येत नाही, कारण दाब राखणाऱ्या झाकणामुळे उत्कलनबिंदू वर जातो. याच कारणाने गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. उकळते पाणी उसळून अंगावर येते.

बदलण्याचे काम मिस्त्रीचे. तुम्ही शेजारी उभे राहून पाहा. एंजिन पूर्ण निवलेले हवे. मेणाची डबी एंजिनाच्या बाजूला येते, हवा जाण्याचे बारीक भोक वर राहते, जुने गॅस्केट खरवडून नवे बसवतात आणि कूलंट भरल्यावर आत अडकलेली हवा काढून टाकतात. ही हवा राहिली, तर नवा थर्मोस्टॅटही विनाकारण बदनाम होतो.

शिक्षक मित्रांना एक विनंती. तापवलेला गोळा कड्यातून जात नाही, हा प्रयोग आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो. तो राहू द्या. पण त्याच्या शेजारी टाकाऊ थर्मोस्टॅटलाही जागा द्या. झडप किती मिलिमीटर उघडली ते दर दोन अंशांनी मोजायला सांगा, पाणी तापताना आणि निवतानाही. मुलांना दोन आलेख मिळतील, ते एकमेकांवर बसणार नाहीत, आणि मग वर्गात प्रश्न सुरू होतील.