भिवंडीचे माग आणि आमचीं मुलें

यंत्र जुनें झालें कीं तें मोडीत काढावें आणि नवें आणावें, म्हणजे धंद्याची भरभराट झालीच, अशी एक समजूत आपल्या समाजांत दृढमूल झालेली दिसते. विद्यार्थ्यांच्या निबंधांत ती असते, वडील मंडळींच्या बोलण्यांत असते, आणि सरकारी योजनांच्या मुळाशींही तीच असते. ही समजूत सर्वस्वी खोटी आहे असें माझें म्हणणें नाहीं. परंतु ती अर्धी आहे. आणि अर्ध्या समजुतीवर धंदा उभारला असतां त्याची काय गत होते, हें पाहण्यास आपणांस दूर जावयास नको. कल्याणची खाडी ओलांडून थोड्याच वाटेवर भिवंडी आहे.

वस्त्रें विणण्याची विद्या आपल्या ठाणें जिल्ह्यास नवी नाहीं. खुद्द ठाणें शहरांत एके काळीं ख्रिस्ती विणकर रेशमी कापड विणीत असत, याचा उल्लेख सन १८८२ च्या सरकारी गॅझेटियरांत आहे. तो धंदा बुडाला. आज त्याची आठवणही फारशी कोणास नाहीं. भिवंडींत मात्र माग टिकला. उत्तर हिंदुस्थानांतून आलेल्या मोमीन विणकरांनीं तेथें हातमाग घातले, पुढें विजेवर चालणारे माग आले, आणि सन १९८२ च्या जानेवारींत मुंबईच्या गिरणी-कामगारांचा मोठा संप सुरू झाल्यावर मुंबईंत विणलें जाणारें पुष्कळसें कापड भिवंडीच्या पत्र्याच्या छपरांखालीं विणलें जाऊं लागलें. गिरण्यांनीं मोडीत काढलेले मागही तेथें येऊन पुन्हां चालू झाले. जें यंत्र मोठ्या भांडवलवाल्यानें निरुपयोगी ठरविलें, त्यावर लहान मालकानें आपला संसार उभा केला. याबद्दल त्याचें कौतुकच केलें पाहिजे.

हा साधा माग ज्या मुलांनीं पाहिला नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. उभ्या धाग्यांचा ताणा भीमावर गुंडाळलेला असतो. लांकडी धोटा आपल्या पोटांतील कांडीवरचें सूत सोडीत एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे फेंकला जातो. मिनिटास शंभर-सव्वाशे वेळां हें घडतें. कांडी संपली कीं कारागीर माग थांबवितो, नवी कांडी घालतो, पुन्हां चालू करतो. एकेका कारागिराकडे चार, सहा, कधीं त्याहूनही अधिक माग असतात, आणि पाळी बहुधा बारा तासांची असते. उलट, हवेच्या झोतानें सूत फेंकणाऱ्या आधुनिक मागास धोटाच नसतो. तो मिनिटास सहाशेंहून अधिक वेळां सूत फेंकतो, आणि धागा तुटला तर आपण होऊन थांबतो.

आतां प्रश्न असा कीं, असें यंत्र जगांत असतां भिवंडीच्या मालकानें तें कां घेतलें नाहीं? तो अडाणी आहे, हें उत्तर सोपें आहे आणि म्हणूनच लोकप्रिय आहे. मला तें अन्यायाचें वाटतें. भिवंडींतील पुष्कळ लहान मालक स्वतःचें कापड विणीतच नाहींत. व्यापारी सूत देतो. मालक तें विणून परत करतो व विणाईची मजुरी घेतो. सूत कोणतें घ्यावें, वीण कोणती असावी, कापड कोठें विकावें, यांपैकीं एकही गोष्ट त्याच्या हातीं नसते. त्यानें कापडांत कांहीं सुधारणा केली, तर नफा व्यापाऱ्यास. यंत्र बंद पडलें, तर तोटा मालकास. ज्याला सुधारणेचें फळ मिळत नाहीं, पण सुधारणेचें कर्ज मात्र फेडावें लागतें, तो सुधारणा करील कशास? शिवाय नवा माग एकटा येत नाहीं. त्यास एकसारखें बळकट सूत लागतें, ताण्यास नीट कांजी द्यावी लागते, हवा दाबणारें यंत्र लागतें, वीज न चुकतां मिळावी लागते, आणि बिघाड ओळखणारा माणूस जवळ असावा लागतो. यांतील एक कडी निखळली तर लाखों रुपयांचें यंत्र नुसतें उभें राहतें, आणि बँकेचें व्याज मात्र चालू राहतें.

उत्तम यंत्र तेवढ्यानें पुरत नाहीं, याचा एक दाखला मिशनच्याच इतिहासांत आहे. अमेरिकन मराठी मिशनचे श्री. डी. सी. चर्चिल यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं त्या वेळच्या अहमदनगरास एक सुधारलेला हातमाग तयार केला. साध्या हातमागाहून तो पुष्कळ जलद चाले. हेतु थोर होता, बुद्धि तीक्ष्ण होती. तरी घरोघर पसरला तो चर्चिलसाहेबांचा माग नव्हे, तर दोरी ओढून धोटा फेंकण्याची साधी युक्ति. कारण ती जुन्याच मागास जोडतां येई आणि गांवचा सुतार ती दुरुस्त करूं शके. पुन्हां असें कीं, विणणें जलद झालें तरी ताणा लावणें व खळ देणें हीं कामें विणकराच्या घरच्या माणसांस पूर्वीच्याच संथपणानें करावीं लागत. एकच हात लांब झाला; बाकीचें शरीर होतें तेवढेंच राहिलें.

याच्या उलट जपानचें उदाहरण पाहा. साकिची टोयोडा यांनीं सन १९२४ त जो स्वयंचलित माग सिद्ध केला, त्यांत माग न थांबवितां धोटा बदलला जाई. पण हा माग एका रात्रींत सुचलेला नव्हता. आपले माग ते आपल्याच कारखान्यांतून कापड विणून पारखीत असत. सन १९२९ त ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या इंग्रज कंपनीनें या मागाचे हक्क विकत घेतले. ज्या लँकेशायरनें अर्ध्या जगास माग पुरविले, त्यास जपान्याच्या दारीं जावें लागलें! पुढें त्याच घराण्यानें मोटारी बनविण्याचा कारखाना काढला, तो सर्वांस ठाऊक आहे.

जपान दूरचें वाटत असेल तर इचलकरंजी घ्या. तेथें संस्थानिक नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या उत्तेजनानें विठ्ठलराव दातार यांनीं सन १९०४ त पहिला यंत्रमाग चालू केला. पुढें सन १९८२ त, म्हणजे ज्या वर्षीं मुंबईच्या संपामुळें भिवंडीचा खडखडाट वाढला त्याच वर्षीं, इचलकरंजींत दत्ताजीराव कदम यांच्या नांवें वस्त्रविद्येचें अभियांत्रिकी महाविद्यालय निघालें. इचलकरंजीच्या मालकांसही मंदी चुकली नाहीं, तेथेंही जुने माग भंगारांत गेले आहेत. तें गांव म्हणजे स्वर्ग आहे असें मी म्हणत नाहीं. परंतु तेथील मालकाच्या मुलास आपल्या घरापासून थोड्या अंतरावर वस्त्रविद्या शिकतां येते, आणि आधुनिक माग तेथें बऱ्याच संख्येनें आले, यांचा परस्परसंबंध नाहीं असें मला वाटत नाहीं.

सन १९९९ च्या एप्रिलांत केंद्र सरकारनें वस्त्रोद्योगास नवीं यंत्रें घेण्यासाठीं कर्जाच्या व्याजांत सूट देणारी योजना सुरू केली. ती रूपें बदलीत सन २०२२ पर्यंत चालली. तींत यंत्रास पैसा होता. परंतु ज्याच्यापाशीं तारण नाहीं, स्वतःचें कापड नाहीं, आणि हिशेबाच्या वह्या धड नाहींत, त्या दहा-बारा मागांच्या मालकाला तो पैसा कसा मिळावा? आज भिवंडीच्या आसपास जिकडे तिकडे प्रचंड गोदामें उभीं आहेत, आणि कित्येक माग वजनावर विकले गेले आहेत.

पालकांपैकीं कोणी म्हणतील, “गुरुजी, मुलगा शिकला तर मागावर परत येणार नाहीं, आणि परत यायचें असेल तर शिकावें कशास?” हा प्रश्न मी हंसण्यावारी नेत नाहीं. दहावी होतांच मुलास शेडमध्यें बसविणारा बाप लोभी नसतो. बहुधा तो थकलेला असतो. पण शास्त्रांतील त्या चाकराची कथा आपणांस ठाऊक आहे, ज्यानें धन्याचें द्रव्य बुडूं नये म्हणून जमिनींत पुरून ठेविलें. जुना माग जपून ठेवणें हें पुष्कळदां तसेंच असतें. मुलाचें डोकें त्या मागापाशीं पुरून ठेवणें त्याहून वाईट.

कारागिराची गोष्ट निराळी आहे, आणि ती बोलण्यांत नेहमीं मागें राहते. आधुनिक मागावर माणसें थोडीं लागतात. तेव्हां नवें यंत्र आणतांना जो माणूस वीस वर्षें जुन्या मागाचा आवाज ओळखीत आला, त्यास आधीं शिकवावें. धागा कां तुटतो हें त्यास पदवीधरापेक्षां लवकर कळेल. त्यास काढून टाकून नवा माणूस नेमणें स्वस्त दिसतें, परंतु त्याच्याबरोबर वीस वर्षांचें ज्ञानही दाराबाहेर जातें.

माझी सूचना लहान आहे. वीस-पंचवीस मालकांनीं सहकारानें एकत्र यावें. सूत एकत्र घ्यावें, कांजीची सोय एकत्र करावी, कापड आपल्या नांवानें विकावें, आणि पहिला आधुनिक माग सर्वांचा मिळून एकच घ्यावा. त्यावर वर्षभर कापड विणून जमाखर्च सर्वांस दाखवावा. त्याच शेडीच्या एका खोलींत संध्याकाळीं वर्ग चालवावा; त्यांत मालकाचा मुलगा आणि कारागिराचा मुलगा एका बाकावर बसावे. जागा, एक फळा आणि शिकविणारा एवढेंच त्यास लागेल. पैकीं फळा व गणित शिकविणारा माणूस आमची शाळा देऊं शकेल. उरलेलें मालकांनीं ठरवावें.