संध्याकाळची परतीची एसटी द्या

प्रति,
मा. पालकमंत्री व मा. जिल्हाधिकारी, वाशिम
मा. विभाग नियंत्रक, एसटी, अकोला



सोयाबीनच्या हंगामात संध्याकाळी वाशिमच्या पाटणी चौकात उभे राहून पाहा. ट्रॅक्टर, ऑटो, काळी-पिवळ्या आणि त्यांतून वाट काढणाऱ्या मोटारसायकली. वर धूळ आणि धूर. रस्ता रुंद करा, अतिक्रमणे काढा, असे उपाय सुचवले जातात. जरूर करा. पण त्या मोटारसायकली हौसेने आलेल्या नाहीत. सकाळी तालुक्याला आलेल्या माणसाला संध्याकाळी घरी न्यायला एसटी मिळेल याची खात्री नसते, म्हणून तो हप्त्याने गाडी घेतो. मग भारमान नाही म्हणून फेरी बंद होते आणि उरलेलेही गाडी घेतात.

१७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. निर्णय मोलाचाच. पण फाट्यावर बसच आली नाही, तर ती सवलत बाईच्या पदरात कशी पडणार? ती काळी-पिवळीत दाटीवाटीने बसून पूर्ण पैसे मोजते.

बस वेळेवर आली तर माणसे येतात, हे मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसने दाखवले आहे. त्या बसची वेळ शाळेच्या घंटेशी बांधली म्हणून खेड्यातल्या मुली शिकू लागल्या. तशीच वेळ बाजाराशी, दवाखान्याशी, कचेरीशी बांधा. बंद पडलेल्या मुक्कामी बस पुन्हा सुरू करा. चालक-वाहकाला रात्री झोपायला स्वच्छ खोली आणि शौचालय हवे; ते ग्रामपंचायतींकडून आधी करून घ्या, नाहीतर मुक्कामाला कोणी राजी होणार नाही आणि त्यात त्यांची चूकही नाही.

वाशिम १९९८ मध्ये जिल्हा झाला, एसटीचा विभाग मात्र अकोल्यालाच राहिला. आम्हाला स्वतंत्र विभाग हवा. तोवर निदान वेळापत्रक ठरवण्याआधी रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोऱ्यात येऊन प्रवाशांना विचारा. अकोला-पूर्णा मार्गावरच्या गाड्या वाशिमला थांबतात, तेव्हा स्टेशनबाहेर गावाकडे जाणारी बस उभी असू द्या. विजेवरच्या बस आल्या तर आधी तालुक्याच्या जवळच्या फेऱ्यांना लावा. गर्दीतला धूर तिथेच लवकर कमी होईल.

समृद्धी महामार्ग आमच्याच जिल्ह्यातून जातो. त्यावरून मुंबई जवळ आली, तालुक्याहून गाव मात्र अजून लांबच आहे. येत्या हंगामाआधी प्रत्येक तालुक्यातल्या शेवटच्या परतीच्या फेरीची वेळ जाहीर करा, आणि ती एकही दिवस चुकवू नका.

आपला,
वाशिम जिल्ह्यातील एक प्रवासी