रक्त आटले की उसळले?

मेंदूला रक्त कमी पडले की आकडी येते, हा एकोणिसाव्या शतकातल्या अनेक नामवंत डॉक्टरांचा ठाम समज होता. त्याला प्रयोगाचा आधारही होता. १८५७ मध्ये जर्मनीत कुसमाउल आणि टेनर यांनी सशांच्या मेंदूकडे जाणारे रक्त अडवले, आणि सशांना झटके आले. हा समज पुढे पाऊणशे वर्षे टिकला. १९३४ मध्ये गिब्ज आणि लेनॉक्स यांनी माणसांवर मोजमाप केले. आकडीपूर्वी रक्तप्रवाह घटल्याचे दिसले नाही. शस्त्रक्रियेत उघडा मेंदू पाहणाऱ्या पेनफिल्ड यांना तर आकडी चालू असताना तिथले रक्त वाढलेले दिसले.

मग गुठळीने होणाऱ्या पक्षाघातात रक्त आटते, आकडीत उसळते. फरक सोपा वाटावा. तसा तो नाही. आकडी थांबल्यावर हात-पाय काही काळ लुळे पडतात, हे लंडनच्या टॉड यांनी १८४९ मध्येच सांगितले होते, आणि नेमक्या त्याच वेळी त्या भागातला रक्तप्रवाह घटलेला असू शकतो. रुग्ण दवाखान्यात पोचतो तो बहुधा याच अवस्थेत, पक्षाघात झाल्यासारखा.

१९९५ मध्ये पक्षाघातावर गुठळी विरघळवणारे औषध तीन तासांत दिले तर उपयोग होतो, हे अमेरिकेतल्या चाचणीने सिद्ध केले. सुरुवातीलाच आकडी आलेल्यांना मात्र तिच्यातून वगळले होते. कारण उघड होते. साधा सीटी स्कॅन रक्तस्राव दाखवतो. रक्तपुरवठा तुटल्याच्या खुणा त्यात पहिल्या काही तासांत फारशा उमटत नाहीत, म्हणून लुळेपणा गुठळीचा की आकडीनंतरचा हे कळत नसे. डिफ्यूजन एमआरआय आणि रक्तप्रवाह दाखवणारा पर्फ्युजन सीटी आल्यावर अशा रुग्णांसाठी उपचाराचे दार किलकिले झाले. गुठळीने सुकलेला भाग सहसा एका धमनीच्या हद्दीत बसतो. आकडीनंतरचा ती हद्द ओलांडू शकतो. अँजिओग्राफीत गुठळी दिसली, तर आकडी आली म्हणून उपचार रोखायचे कारण आज उरत नाही.

तरीही स्कॅन एका क्षणाचा असतो, आणि आकडीत रक्तप्रवाहाचा कल काही मिनिटांत पालटू शकतो. चित्र वाचणाऱ्याला घड्याळ ठाऊक नसेल तर तो फसणारच. म्हणून स्कॅन मागवणाऱ्या कागदावर ‘उजवी बाजू लुळी’ एवढेच लिहून भागत नाही. आकडी कुणी पाहिली, किती वाजता, आधी हात ताठला की आधीच लुळा पडला, रुग्णाला शेवटचे धडधाकट केव्हा पाहिले, हे घरच्यांना विचारून तिथे लिहिलेच पाहिजे. शंका उरली तर ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) काढावा, आणि तोवर गुठळीच्या उपचाराचा वेळ वाया जाऊ देऊ नये.