ठिपका पुढे, गणपती मागे

मागच्या अंकानंतर दोघा-तिघा भाचरांनी विचारलं, "मामा, तू ते झांकीचं ॲप बनवत होतास, त्याचं काय झालं?" ॲप चालतं. पण चालायला लागण्याआधी त्याने माझ्या आत्याला पहाटे दीड तास पुलावर ताटकळत ठेवलं. आज त्याचीच गोष्ट.

इंदूरबाहेर वाढलेल्या मुलांसाठी थोडं आधीचं सांगतो. अनंत चतुर्दशीच्या रात्री आपल्याकडे कापड मिलच्या झांक्या निघतात. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी ही त्यांची नावं. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, बाकीच्यांचे भोंगेही एकेक करून थांबले, तरी मजुरांनी त्या नावांच्या झांक्या सोडल्या नाहीत. जेल रोड, एम. जी. रोड करत कृष्णपुऱ्याजवळून त्या नंदलालपुऱ्याला वळतात, मग जवाहर मार्ग, पुढे खजुरी बाजार, राजवाडा आणि परतताना पुन्हा कृष्णपुऱ्याचा पूल. तोवर उजाडायला येतं.

आत्या कृष्णपुऱ्यातच राहते, होळकरांच्या छत्र्यांपासून चार पावलांवर. आतोबा अशाच एका मिलमध्ये कामाला होते. ते गेल्यापासून ती त्या एका मिलच्या झांकीला हात जोडते आणि घरी येते, बाकीच्या बघत नाही. जातानाची गर्दी आता तिला झेपत नाही, दोन्ही गुडघे गेलेत. म्हणून ती परतीची वाट बघते. मला म्हणाली, "तू कॉम्प्युटरवाला ना? मग पुलावर कधी येते तेवढं सांग. मी चपला घालून निघेन."

काम सोपं वाटलं. झांकीच्या गाडीवरच्या एका पोराच्या फोनमधून दर दहा सेकंदांनी ठिकाण यायचं आणि माझ्या ॲपमधल्या नकाशावर ठिपका तिथे जायचा. पहिल्या वर्षी तो ठिपका टुणटुण उड्या मारत होता. कधी दुकानांच्या छपरावर, तर कधी थेट खान नदीत. कारण असं की मोकळ्या आभाळाखालीही फोनचं ठिकाण पाचेक मीटरने चुकतं. खजुरी बाजारासारख्या गल्लीत उपग्रहाचे संदेश भिंतींवर आपटून येतात, तिथे चूक आणखी वाढते. झांकी मात्र दहा सेकंदांत चार-पाच पावलंच सरकते. म्हणजे चालण्यापेक्षा चूकच मोठी! उभ्या झांकीचा ठिपकाही नाचत राहायचा.

मग मी मार्गाची रेघ आधीच नकाशात आखून ठेवली आणि आलेलं ठिकाण त्या रेघेवरच्या सगळ्यात जवळच्या जागी बसवलं. नदीत पडणं थांबलं. पण कृष्णपुरा मार्गात दोनदा येतो. झांकी पहिल्यांदा तिथे आली आणि ठिपक्याने उडी मारली ती थेट परतीच्या रेघेवर. जवाहर मार्ग नाही, राजवाडा नाही, गणपती निघाले घरी! मग नियम घातला की निघाल्यापासून किती मीटर झाले तो आकडा हळूहळूच वाढेल, एकदम किलोमीटरभर उडी घेणार नाही.

राहिला गुळगुळीतपणा. कार्टूनच्या स्टुडिओत मुख्य चित्रकार महत्त्वाच्या मुद्रा काढायचे आणि मधली चित्रं हाताखालचे लोक भरायचे. इथेही तसंच. दहा सेकंदांच्या दोन ठिकाणांमधल्या जागा फोनने भरायच्या, सेकंदाला साठ चित्रं. सुरुवातीला मी दर चित्राला सगळी रेघ नव्याने रंगवत होतो, आत्याचा जुना फोन तव्यासारखा तापला. आता रेघ नकाशातच पडून असते, फक्त ठिपका हलतो. तो कुठे असावा हे कितवं चित्र आहे यावरून न काढता किती वेळ गेला यावरून काढायचं, म्हणजे स्वस्त फोनने मधली चित्रं गाळली तरी ठिपका मागे पडत नाही. ठिपक्याच्या जागी गणपतीची गाडी काढली तेव्हा एक गंमत झाली. दिशा ३५० अंशांवरून १० अंशांवर जायची होती. वीस अंशांचं वळण, पण गाडीने उलट्या बाजूने ३४० अंशांची गिरकी घेतली, भर चौकात! जवळच्या बाजूने वळ, हेही सांगावं लागतं.

हे सगळं जमलं आणि मला हौस सुटली. गर्दीत नेटवर्क गेलं की गाडी थांबायची. ते मला बघवेना. म्हणून लिहिलं, बातमी आली नाही तर शेवटच्या वेगाने पुढे चालत राहा. दिसायला सुरेख! त्या पहाटे तीनच्या सुमारास गाडी राजवाड्यावरून डौलात पुलाकडे निघाली. आत्या चपला घालून, काठी घेऊन पुलावर पोचली. फोनमधली गाडी तिच्यासमोरून पुलावरून गेलीसुद्धा. रस्त्यावर झाडूवाले आणि दोन कुत्री. खरी झांकी खजुरी बाजारात अडकून उभी होती.

साडेचारला मी धापा टाकत पोचलो तेव्हा ती कठड्याला टेकून होती. रागावली नाही. म्हणाली, "तुझा गणपती गेला रे. माझा यायचाय."

घरी येऊन त्या चार ओळी काढून टाकल्या. आता ॲप मुद्दाम वीस सेकंद मागे चालतं, म्हणजे भरायच्या जागेच्या दोन्ही टोकांची ठिकाणं सहसा हातात असतात. नवी बातमी नसली की गाडी थांबते, फिकी पडते, भोवती एक वर्तुळ मोठं होत जातं आणि खाली शेवटची वेळ दिसते. मित्र म्हणाले, अडकल्यासारखं दिसतं. दिसू दे.

परवाच्या चतुर्दशीला वर्तुळ खजुरी बाजारात मोठं होत होतं, तेव्हा आत्याने चहा टाकला. राजवाड्याशी ते पुन्हा लहान झालं, तेव्हा कप विसळून निघाली. सात-आठ मिनिटं थांबावं लागलं असेल. हात जोडले, डोळे पुसले आणि परतताना मला म्हणाली, "फोनमध्ये गाडी उजव्या हाताला गेली आणि माझ्यासमोरून डाव्या हाताला. नकाशा उलटा छापलाय का?"

ती दक्षिणेकडे तोंड करून उभी होती. पुढच्या वर्षी नकाशा फिरवायचाय.