दुबईच्या मॉलमधली एक खोली आणि आपल्या हिरकणीचं कुलूप

दिवाळीच्या सुट्टीत दुबईला जाऊन आलो. थोरली बहीण आणि दाजी तिथं असतात. "पोरं लहान आहेत तोवर या, पुढं शाळा-क्लास सोडणार नाहीत," म्हणून दोन वर्षं मागं लागले होते. शेवटी मी, बायको, सात वर्षांचा मुलगा आणि दहा महिन्यांची मुलगी असे निघालो.

परत आल्यापासून चौकात एकच प्रश्न. "काय आणलंस?" खजूर आणला, चॉकलेटं आणली, ती वाटून संपली. पण मला सांगायचंय ते एका खोलीबद्दल.

दुबई मॉल २००८ साली सुरू झाला. आत हजाराच्या वर दुकानं. एका ठिकाणी माशांची एवढी मोठी टाकी, की तिकीट न काढता बाहेरूनच शार्क बघत पोरं तासभर उभी राहतात. दुसरीकडं डायनासोरचा सांगाडा, जवळपास ८० फूट लांब. आमच्या पोराला पन्हाळ्याच्या तटावर हिंडायची सवय, तरी दोन तासांत म्हणाला, "पप्पा, पाय दुखालेत."

तेवढ्यात धाकटीनं दुधासाठी रडायला सुरुवात केली. बायकोनं सवयीनं इकडंतिकडं बघितलं. कुठला कोपरा, कुठला खांब, मी कुठं आडोसा धरून उभा राहायचं. आपल्याकडं बाहेर पडलं की हे गणित ठरलेलं. बहीण म्हणाली, "चल गं," आणि स्वच्छतागृहाच्या शेजारच्या एका खोलीत घेऊन गेली. आत खुर्ची, पडदा, बाळाचे कपडे बदलायला ओटा, हात धुवायला पाणी. कुणी पावती विचारली नाही, काय खरेदी केली विचारलं नाही. अर्ध्या तासानं बायको बाहेर आली ती हसत. म्हणाली, "घाई करावी लागली नाही हो."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारण चार महिन्यांपूर्वीच एका लग्नाहून येताना एका बसस्थानकावर आम्ही असेच अडकलो होतो. मुलगी रडतेय, समोर मोठ्या अक्षरांत पाटी 'हिरकणी कक्ष', आणि दाराला कुलूप. चावी कुणाकडं? साहेबांकडं. साहेब कुठं? जेवायला. खिडकीतून बघितलं तर आत मोडक्या खुर्च्या आणि जुने फलक रचून ठेवलेले. शेवटी उभ्या एसटीच्या मागच्या सीटवर बायको बसली आणि मी खिडकीला टॉवेल धरून उभा.

हिरकणी कोण, हे आपल्याकडं पोरासोरालाही सांगावं लागत नाही. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण. संध्याकाळी दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून काळोखात कडा उतरून गेली. आख्यायिका म्हणा, पण तिच्या नावाचा बुरूज आजही आहे. बंद दारामुळं जिला कडा उतरावा लागला, तिच्याच नावाच्या खोलीला आपण कुलूप घालून ठेवतो.

आता कुणी म्हणेल, चार दिवस दुबई बघून आला आणि गावाला नावं ठेवायला लागला. तसं नाही. मॉल हा धर्मादाय दवाखाना नव्हे. आई निवांत असली की कुटुंब चार तास जास्त थांबतं, आणि थांबलं की पाकीट उघडतं. खेळणी पोरांच्या डोळ्यांच्या उंचीला मांडलेली असतात ती उगाच नाही. आमचं पोर एका गाडीसाठी फरशीवर लोळलं. दिरहमला चोवीसनं गुणून गुणून माझा चोवीसचा पाढा मात्र पाठ झाला. आणि ती चकचकीत फरशी पुसणारे हातही बरेचसे आपल्याच देशातले, घरदार सोडून गेलेले. हे सगळं दिसलं.

पण मुद्दा तिथंच आहे. नफ्यासाठी का होईना, व्यापाऱ्याला जे कळलं ते आपल्याला का कळू नये? आपण तर मातेच्या नावानं भाषणं करतो.

जुलै २०२५ मध्ये आपला पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत. आपण सगळ्यांनी अभिमानानं स्टेटस ठेवले. आता रविवारी गडावर जरा डोळे उघडे ठेवून फिरा. गाडीच्या काचेला ओढणी लावून आत घामाघूम होत बाळाला पाजणारी आई दिसेल. बाटलीतल्या पाण्यानं नातवाला धुणारी आजी दिसेल. झुणका-भाकरीच्या मावशी मात्र "ये गं बाय, आत बस" म्हणून स्वतःच्या ताडपत्रीखाली जागा करून देतात. ही माया दुबईत मिळायची नाही. पण सगळा भार मावशींच्या मायेवर किती दिवस टाकायचा?

लगेच नियम पुढं येईल. संरक्षित वास्तूपासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही. बरोबर आहे, आणि नवं बांधा असं मी म्हणतच नाही. आहे त्या इमारतींतली एक-दोन खोल्या द्या. खुर्ची, पडदा, आतून कडी, पाणी, डायपर टाकायला झाकणाचा डबा. चावी साहेबांच्या खिशात नको, तिथं कामाला असलेल्या बाईकडं द्या. आणि गडावर शिरतानाच ठळक पाटी लावा, खोली कुठं आहे ते सांगणारी. हॉटेलवाल्या मित्रांनो, सुट्टीच्या दिवशी एक कोपरा तुम्हालाही काढता येईल. पर्यटकांवर आपली चूल पेटते.

१६६० साली सिद्दी जौहरचा वेढा पडला, तेव्हा हा गड कित्येक महिने तगला. अंबरखान्यात धान्य आणि अंधारबावीत पाणी नसतं तर तो कशाच्या जोरावर तगला असता? जुन्या माणसांनी तोफांइतकाच विचार आतल्या माणसांच्या पोटाचा केला होता. त्यातलं थोडं तरी आपण घेऊया.

परदेशात जाणाऱ्यांना एक विनंती. माशांच्या टाकीपुढं सेल्फी काढाच, पण त्या खोलीच्या दाराचाही एक फोटो काढा आणि मत मागायला येणाऱ्याला दाखवा.

आणि इथं राहणाऱ्यांना एक काम. कुठंही हिरकणी कक्षाला कुलूप दिसलं तर चावी मागा. मिळाली नाही तर फोटो, ठिकाण आणि तारीख खाली कमेंटमध्ये टाका. चांगला उघडा कक्ष दिसला तर तोही टाका, त्यांचं कौतुक व्हायला पाहिजे. पाठपुरावा करायचं आणि बातमी लावायचं काम माझं.