चावी आत, आपण बाहेर

शाळांना सुट्ट्या लागल्या की मुंब्रा, कुर्ला, भिवंडीकडच्या घरांतून गाड्या गावाकडे निघतात. पहाटे निघायचे, पेण-वडखळ मागे टाकून कुठेतरी चहा घ्यायचा, दुपारपर्यंत खेड-चिपळूण गाठायचे. चहाच्या त्या थांब्यावर कुणीतरी घाईत दार लावते, खट् आवाज होतो आणि चावी स्टीअरिंगशेजारी लटकलेली काचेतून दिसते. भाभी म्हणते, "शेवटी तुम्हीच उतरलात." भाईजान म्हणतात, "मी लॉक केलंच नाही." बऱ्याचदा दोघेही खरे बोलत असतात, कारण आजकालच्या कित्येक गाड्या आपले कुलूप आपणच लावून घेतात.

वाचक भगिनी-बंधूंनो, दोष कुणाचा हा वाद घरी पोचल्यावर करावा. गाडीपाशी उभे असताना पहिला प्रश्न एकच असतो: आत कोणी आहे का? आत कोणी नसेल तर ही नुसती गैरसोय आहे, सबुरीने घ्यायची. आत मूल असेल, दादी झोपली असेल, तर गोष्ट वेगळी. या दोन प्रसंगांत लोक नेमके उलटे वागतात, म्हणून आज हे लिहितो आहोत. रिकाम्या गाडीच्या दारात सळया घालून तोडफोड करतात आणि आत बाळ असताना "थांबा, चावीवाला दहा मिनिटांत येतोय" म्हणून उन्हात वाट बघत बसतात.

आधी बाळाचे बोलू. बंद गाडी उन्हात भट्टीसारखी तापते. पहिल्या दहा मिनिटांतच आतली हवा साधारण १० अंशांनी चढते आणि अर्ध्या तासात जवळजवळ २० अंशांनी. म्हणजे बाहेर ३० अंश असले, ज्याला आपण 'फार ऊन नाही' म्हणतो, तरी अर्ध्या तासात आत ५० च्या आसपास होते. मालेगाव-जळगावचा मे महिना तर सोडाच. काच दोन बोटे खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. लहान मुलाचे अंग मोठ्या माणसाच्या तीन ते पाच पट वेगाने तापते. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर गेले की उष्माघात सुरू होतो, आणि तान्ह्या बाळाला तिथवर जायला वेळ लागत नाही. मूल रडत होते आणि आता शांत झाले, तर ते झोपले असे धरून चालू नये.

मूल तीन-चार वर्षांचे आणि शुद्धीवर, खेळते असेल तर आधी त्याच्याकडूनच दार उघडवून घ्यावे. त्यासाठी आईने काचेवर थापा मारत रडू नये, नाहीतर तेही घाबरून रडू लागते. हसत, खेळ असल्यासारखे सांगावे. मागच्या दारांना चाइल्ड लॉक लावलेला असेल तर ती आतून उघडतच नाहीत, हे लक्षात ठेवून मुलाला पुढच्या सीटवर बोलवावे. पुढच्या दाराची आतली दांडी ओढायला सांगावी, आपल्या बाजूने हाताने करून दाखवावी. पुष्कळ गाड्यांत ती एकदा ओढली की कुलूप निघते आणि दुसऱ्यांदा ओढली की दार उघडते. म्हणून "अजून एकदा, बेटा" म्हणायला विसरू नये. सुट्टीत एकदा घराच्या दारात उभ्या गाडीत, आपण शेजारी बसून, मुलांकडून हे करवून घेतले तर फारच चांगले.

इंजिन चालू आणि एसी सुरू असेल तर थोडा वेळ हातात असतो. पण गाडी बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरात असेल तर तो वेळ धरू नये, तिथे धुराचा धोका वेगळाच. दुसरी चावी खरोखर दोन मिनिटांवर असेल, गाडी सावलीत असेल आणि मूल हसत असेल, तर एकाने चावी आणावी आणि दुसऱ्याने काचेपाशी उभे राहावे. याखेरीज आमचे मत स्पष्ट आहे: ११२ वर फोन लावा आणि काच फोडा. फोन लागला तरी पोलीस यायची वाट बघू नका.

काच फोडायचीही रीत आहे. पुढची मोठी काच फोडायला जाऊ नये. ती दोन काचांमध्ये चिकट थर घालून केलेली असते, तडे जातात पण ती खाली येत नाही. बाजूच्या दारांच्या काचा बहुधा टफन्ड असतात, त्या फुटल्या की साबुदाण्यासारखे बारीक तुकडे होतात. मूल जिथे बसले आहे त्यापासून सर्वांत दूरची काच निवडावी. हाताला ओढणी किंवा टॉवेल गुंडाळावा, तोंड फिरवावे आणि काचेच्या मधोमध न मारता खालच्या कोपऱ्यात, कडेजवळ, टोकदार जड वस्तूने जोरात मारावे. आपला पाना-जॅक आपल्याच डिकीत अडकलेला असतो, म्हणून शेजारच्या गाडीवाल्याकडून पाना मागावा. मागच्या दाराला असते ती छोटी तिकोनी काच स्वस्त असेल असे समजून लोक तीच फोडतात. पुष्कळदा ती मोठ्या काचेपेक्षा महाग निघते.

मूल बाहेर काढले की सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत किंवा काढावेत, ओल्या फडक्याने अंग पुसत वारा घालावा. शुद्ध नसेल, गुंगीत असेल तर तोंडात पाणी घालू नये, ठसका लागून ते श्वासनलिकेत जाते. १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. मूल नंतर हसू-खेळू लागले तरी डॉक्टरांना दाखवून घ्यावे.

आणि गाडी परक्याची असेल तर? रमजानच्या बाजारात, लग्नाच्या हॉलबाहेर, झोपलेले मूल गाडीत ठेवून "पाच मिनिटांत येते" म्हणत गेलेली माणसे आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. दुसऱ्याची काच फोडली तर आपल्यावरच केस होईल, ही भीती पुष्कळांचा हात धरून ठेवते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १९ मध्ये, गुन्ह्याचा इरादा नसताना, प्रामाणिकपणे, जीवाची मोठी हानी टाळण्यासाठी केलेल्या अशा कृतीला संरक्षण दिलेले आहे. आधी ११२ वर सांगावे, जवळच्या दोन-चार माणसांना बोलावून साक्षीला ठेवावे, जमल्यास एकाने मोबाइलवर चित्रण करावे, आणि मग फोडावी. ज्यांची मुले-नातवंडे आखातात आहेत त्यांनी तिथले क्रमांकही फोनमध्ये घालून द्यावेत: अमिरातीत पोलिसांसाठी ९९९, कुवेतमध्ये ११२. तिथल्या उन्हाळ्यात तर आपण वर सांगितलेली मिनिटे आणखी कमी धरावीत.

आता रिकाम्या गाडीकडे येऊ. इथे घाई करण्यासारखे काहीच नसते. चारही दारे आणि डिकी एकेक करून ओढून पाहावी. हसू नका, चिडलेला माणूस दोन दारे ओढून थांबतो. डिकी उघडी निघाली तर मागची सीट पाडून आत जाता येते, घरातले सडपातळ पोर या कामाला बरे पडते. गाडी बटणावर सुरू होणारी असेल आणि चावी खिशात असूनही दार उघडत नसेल, तर बहुतेक चावीतला सेल संपलेला असतो. त्या चावीच्या पोटातच एक छोटी पत्र्याची चावी लपवलेली असते. कडेची खिटी दाबली की ती बाहेर येते, आणि चालकाच्या दाराला, कधी कधी टोपणाखाली, तिच्यासाठी भोक असते. घरातल्या कितीतरी जणांना हे ठाऊक नसते. आजच चावी हातात घेऊन बघावे. काही नव्या गाड्या मोबाइलच्या अ‍ॅपवरूनही उघडतात, मात्र त्या सेवेचे वार्षिक पैसे भरलेले हवेत आणि गाडीपाशी नेटवर्क हवे.

मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंचे म्हणाल तर, टेनिसचा चेंडू भोकावर दाबून सेंट्रल लॉक उघडत नाही. बुटाच्या नाडीचा फास दारातून आत सोडून खिटी वर ओढता येते हे खरे, पण ज्या जुन्या गाड्यांना दाराच्या वरच्या कडेला उभी खिटी असते त्यांनाच. आणि एक गमतीची समजूत म्हणजे, दुसरी चावी कुवेतला भाईच्या बॅगेत असेल तर त्याने फोनपाशी रिमोट दाबायचा आणि आपण आपला फोन गाडीला लावायचा. रिमोट रेडिओ लहरींवर चालतो, आवाजावर नाही. फोनमधून फक्त टिक् ऐकू येते.

फूटपट्टी किंवा पत्र्याची पट्टी काचेच्या फटीतून घालायची पद्धत जुन्या गाड्यांबरोबर संपली. आता दाराच्या पोटात वायरी असतात, काच वर-खाली करणारी मोटर असते. आमच्या नात्यातल्या एका लग्नात नवऱ्या मुलाची फुलांनी सजवलेली गाडी अशी अडकली, आणि वरातीतल्या तिघा हुशारांनी कुठूनतरी लोखंडी पट्टी पैदा केली. दार काही उघडले नाही, काच मात्र दाराच्या पोटात कायमची बसली. नवरदेव रिक्षाने गेले.

चावीवाला हे काम वेगळ्या तऱ्हेने करतो. दाराच्या वरच्या फटीत हवेची चपटी पिशवी सरकवून ती फुगवतो, बोटभर जागा झाली की लांब तार आत घालून कुलपाचे बटण दाबतो. काच शाबूत, रंग शाबूत. पण त्याला बोलावण्याआधी गाडीच्या विम्याचा कागद आठवावा. त्यात रोडसाइड असिस्टन्स घेतलेला असेल तर अडकलेली चावी हा त्या सेवेत बहुधा धरलेला प्रकार असतो, आणि पुष्कळ घरांनी त्याचे पैसे भरूनही कधी फोन केलेला नसतो. तो क्रमांक गाडीच्या कप्प्यात ठेवून उपयोग नाही, फोनमध्ये ठेवावा. आरसी बुकाचेही तेच. चावीवाल्याने "गाडी तुमचीच कशावरून?" विचारले तर रागावू नये, असे विचारणारा चावीवालाच बरा. डिजिलॉकरमधली आरसी दाखवावी. काम आपल्या डोळ्यांसमोर करवून घ्यावे आणि चावी त्याच्याकडे रात्रभर ठेवू नये.

काच फोडावी लागली असेल तर विम्याचा हिशेब असा. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर काही मिळणार नाही. पूर्ण विमा असेल तर काचेवर घसारा कापला जात नाही, मात्र १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला पहिले १००० रुपये आणि त्याहून मोठ्या गाडीला २००० रुपये आपल्याला सोसावे लागतात. शिवाय क्लेम केला की पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस जाऊ शकतो. तो २० टक्क्यांपासून सुरू होऊन ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असतो. एका काचेसाठी ५० टक्क्यांचा बोनस घालवण्यापेक्षा खिशातून दिलेले परवडते का, हे आधी मांडून पाहावे.

गाडी स्वतःच कशी बंद होते तेही सांगायला हवे. रिमोटने उघडून कोणतेच दार उघडले नाही तर साधारण अर्ध्या मिनिटात ती पुन्हा कुलूप लावते. आई मागच्या सीटवर बाळाला पट्टा लावते, पर्स-चावी तिथेच सीटवर ठेवते, दार लावून पुढे वळते, आणि पर्समधल्या रिमोटचे बटण दाबले जाते किंवा बाळाच्याच हाती चावी लागते. डिकीत सामान भरताना चावी पिशव्यांवर ठेवून झाकण आपटले तरी हाच प्रकार. त्यामुळे चावी शेवटपर्यंत हातातच असावी. मुलाला गप्प करायला ती खेळणे म्हणून देऊ नये, मग ते कितीही रडो.

राहिली दुसरी चावी. आपल्या घरांत ती लोखंडी कपाटात, अम्मीच्या दागिन्यांच्या डब्याशेजारी असते. कपाट मुंब्र्यात, गाडी कशेडी घाटात. किंवा गाडी घेऊन देणारा भाऊ परदेशी जाताना तिच्यासकट गेलेला असतो. लांबच्या प्रवासात दुसरी चावी बरोबर घ्यावी, पण गाडीत नव्हे, गाडी न चालवणाऱ्या माणसाच्या खिशात. ते नको असेल तर चावी घालून फिरवायच्या गाडीसाठी एक साधी, चिप नसलेली चावी कापून घ्यावी. तिने इंजिन सुरू होत नाही, पण दार उघडते, आणि आपल्याला हवे असते तेवढेच. आतली मूळ चावी मग हाती येतेच. अशी साधी चावी काही शेकड्यांत होते, चिपवाली किंवा बटणवाली बनवायला मात्र हजार मोजावे लागतात. तिने दार उघडल्यावर भोंगा वाजू लागला तर घाबरू नये, मूळ चावीने गाडी सुरू केली की तो थांबतो.

जुनी गाडी विकत घेताना विकणाऱ्याकडून दोन्ही चाव्या मागून घ्याव्यात, आणि नव्या गाडीच्या चावीबरोबर नंबर कोरलेला छोटा पत्रा मिळतो तोही. त्या नंबरावरून कंपनीकडून चावी करून मिळते. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते, आणि एकच दाखवता आली तर प्रश्न विचारत बसते. "दुसरी हरवली, पण काही अडत नाही" असे विकणारा म्हणाला, तर तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्यावेत आणि त्या आठवड्यातच दुसरी करवून घ्यावी.