पूर्ण दिवसाचा आकडा

दिवाळीच्या सुट्टीची चौकशी नवरात्रातच सुरू होते, आणि त्याच सुमारास आपल्या सहल-एजंटांच्या व्यवसायातले व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप एकाच साच्याच्या जाहिरातींनी भरून जातात. उलटी लटकलेली माणसं, पाण्यात खिदळणारी मुलं, कोपऱ्यात लाल गोलात रुपयांचा आकडा आणि त्याला चिकटून मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत ‘पासून’. हा आकडा बहुधा मधल्या वाराचा, आगाऊ ऑनलाइन तिकिटाचा, कर सोडून आणि एका माणसाचा असतो. घरातली सहा माणसं मात्र भाऊबीज उरकून शनिवारी निघतात. मग टोल, नाश्ता, लॉकर, पोहण्याचे कपडे, दुपारचं जेवण, शेंगदाण्याच्या भावात न मिळणारं पाणी, असं करत करत रात्री घरी पोचेपर्यंत खर्च दुप्पट झालेला असतो आणि शिव्या आपल्याला बसतात.

थीम पार्कची कौटुंबिक सहल स्वस्तात बसवता येते, यात शंका नाही. पण तिकिटावरच्या सवलतीच्या जोरावर ती स्वस्त होत नाही. कोटेशनच्या पहिल्याच ओळीत संपूर्ण कुटुंबाचा, घर ते घर, पूर्ण दिवसाचा आकडा लिहायची सवय आपण लावून घ्यायला हवी. तो आकडा लिहायला बसलं की कुठे पैसे गळतात ते आपोआप दिसतं.

पहिली गळती तिकिटातच आहे. १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं, आणि त्याच वर्षी तिथे कूपनांची पुस्तिका आली. साध्या खेळाला ‘ए’ कूपन, त्याहून बऱ्याला ‘बी’, असं चढत जाऊन १९५९ मध्ये सर्वांत मोठ्या राइडसाठी ‘ई’ कूपन निघालं. १९८२ मध्ये ही पद्धत बंद झाली आणि एकदा पैसे भरून दिवसभर काहीही खेळा, असं एकच तिकीट राहिलं. आपल्याकडच्या मोठ्या पार्कांनी हीच एकरकमी पद्धत उचलली. जत्रेत आजी पाळण्यात बसली नाही तर पाळण्याचे पैसे लागत नाहीत. पार्कात ती बाकावर बसून पिशव्या राखते आणि तरी तिचं तिकीट लागतं. ज्येष्ठांची सवलत मिळाली तरी मोजलेले पैसे पिशव्या राखण्याचेच.

म्हणून चौकशीच्या फॉर्मवर नाव आणि वय एवढ्यावर भागवू नका. कोण कशात बसणार हे विचारा. आणि मुलांची उंची विचारा, अनवाणी, सेंटिमीटरमध्ये. आपल्याकडे बहुतेक पार्कांत मुलांचं तिकीट उंचीवर ठरतं आणि राइडवरचा प्रवेशही उंचीवरच ठरतो. प्रवेशद्वाराशी जरा वेळ उभं राहून पाहावं. तिकीट खिडकीजवळच्या पट्टीपाशी आई मुलाच्या डोक्यावर हात ठेवते आणि नजरेनंच त्याला गुडघे किंचित वाकवायला सांगते. तासाभराने तोच मुलगा रोलर कोस्टरच्या रांगेच्या तोंडाशी दुसऱ्या पट्टीपाशी टाचा उचलून, मान ताणून उभा असतो. तिथला कर्मचारी त्याच्या बुटांकडे बघतो आणि हात आडवा करतो. मग रडारड, मग समजूत काढायला आइस्क्रीम. खांद्यावरून येणारा तो दांडा ठरावीक मापाच्या शरीरासाठी बनवलेला असतो, तिथे रदबदली चालत नाही आणि चालू नये. पाच वर्षांच्या मुलाला कोणत्या राइड मिळतील याची यादी आपण आधी दिली, तर ते आइस्क्रीम वाचतं. पार्कातल्या आइस्क्रीमचा भाव आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

आता बाकावरच्या आजीकडे वळू. मुंबई-पुण्याच्या कुटुंबांसाठी सर्वांत जास्त विचारणा होते ती इमॅजिकाची. हे पार्क २०१३ मध्ये सुरू झालं, २०२२ पासून ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आहे. पण आपल्या कामाची गोष्ट म्हणजे त्याचं ठिकाण. ते खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीत आहे. त्याच रस्त्याने पुढे गेलं की पालीचा बल्लाळेश्वर, आणि खोपोलीच्या अलीकडे महडचा वरदविनायक. अष्टविनायकांतले दोन गणपती या एका सहलीच्या वाटेवर असताना आपले कितीतरी एजंट आजी-आजोबांची दोन पूर्ण तिकिटं काढून मोकळे होतात. मुलं आणि आईवडील पार्कात, त्याच गाडीतून आजी-आजोबा आणि सोबतीला आत्या किंवा मामा दर्शनाला, आणि संध्याकाळी दारापाशी सगळे एकत्र, अशी आखणी केली तर तिकिटाचे पैसे वाचतात, गाडीही दिवसभर उगाच उभी राहत नाही. मुक्काम करायचा असेल तर पार्कालगतच्या हॉटेलाऐवजी पालीला देवस्थानचं भक्तनिवास आणि घरगुती खाणावळी आहेत. दिवस ठरवताना मात्र शेजारी कालनिर्णय उघडं ठेवा. मधल्या वाराचं स्वस्त तिकीट काढलं आणि नेमकी त्याच दिवशी अंगारकी निघाली, तर आजोबांचा दिवस रांगेत जायचा.

शिर्डीला हीच विभागणी आणखी सोपी पडते, कारण तिथे वेट अँड जॉय हे वॉटर पार्क आणि साईतीर्थ हे थीम पार्क गावातच आहेत आणि राहण्या-जेवण्याची संस्थानची सोय आहे. एक मात्र सांगायला हवं: आजोबांना न विचारता त्यांना देवळात पाठवण्याची आपल्याला खोड आहे. पासष्टीतले कितीतरी गृहस्थ नातीबरोबर अंधाऱ्या राइडमध्ये बसायला एका पायावर तयार असतात. हृदयाचा, मणक्याचा, रक्तदाबाचा त्रास नाही ना, एवढं विचारून त्यांचं तिकीट आनंदाने काढावं.

दुसरी मोठी गळती प्रवासात आहे, आणि इथे दोष आपल्या व्यवसायाचा आहे. बाहेरगावी नेणाऱ्या गाडीला दिवसाला किमान २५० किंवा ३०० किलोमीटरचं भाडं लावायची रीत आहे. ठाणे किंवा कल्याणहून सांगडेवाडीला जाऊन येण्यात त्याच्या निम्म्याच्या आसपास अंतर होतं. म्हणजे कुटुंब जवळजवळ तेवढ्याच न धावलेल्या किलोमीटरचे पैसे भरतं. एका कुटुंबाला मोठी गाडी देण्यापेक्षा दोन कुटुंबं जोडून एक टेम्पो ट्रॅव्हलर दिली तर माणशी भाडं बरंच उतरतं. वर सांगितलेली पालीची फेरी त्या किमान किलोमीटरमध्येच बसते. गाडीच नको असेल तर मध्य रेल्वेची लोकल खोपोलीपर्यंत जाते आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट पडतं. मात्र कर्जतनंतरच्या फाट्यावर गाड्या मोजक्या आहेत, तेव्हा परतीच्या गाडीची वेळ कोटेशनवरच छापा. नाहीतर रात्री पार्कच्या दारात रिक्षावाल्याशी घासाघीस करताना सगळी बचत वाहून जाते.

एसटीचा विचार आपण करतच नाही, कारण त्यात आपल्याला काही सुटत नाही. पण ज्या घरात आई, आजी आणि मुली जास्त, त्या घराला १७ मार्च २०२३ पासून महिलांना लागू झालेलं अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं आणि पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास, हे जोडून पाहिलं तर खासगी गाडी कुठल्या कुठे मागे पडते. या सवलती नेहमीच्या फेरीच्या बसला आहेत; प्रासंगिक करारावर घेतलेल्या बसचं भाडं किलोमीटरवर असतं, तिथे माणसामागची सवलत मिळत नाही. शाळांच्या सहलींना करारावर मिळणारी सूट वेगळी, आणि ती मुख्याध्यापकांना आपल्यापेक्षा चांगली ठाऊक असते.

लातूर, नांदेड, सोलापूरच्या वाचकांनी खोपोलीच्या मागे लागू नये. त्यांना हैदराबाद सोयीचं. तिथे रामोजी फिल्म सिटी आहे, २०१६ पासून वंडरला आहे, आणि रात्रीच्या रेल्वेने जाऊन-येऊन एका मुक्कामाचं भाडं वाचतं. रेल्वेत पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं लागतं आणि ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, या दोन गोष्टी हिशेबात आधीच धराव्यात.

दिवसाच्या निवडीबद्दल फार लिहायला नको, भाऊबीजेनंतरचा शनिवार-रविवार टाळा म्हणजे झालं. पावसाळ्यातल्या घसघशीत सवलतींबद्दल मात्र एक इशारा. खोपोलीचा पाऊस म्हणजे पुण्याची रिपरिप नव्हे. जोराच्या पावसात आणि विजा चमकत असताना उघड्यावरच्या मोठ्या राइड थांबवतात. ज्या कुटुंबात सोळा-सतरा वर्षांची मुलं कोस्टरसाठीच निघाली आहेत त्यांना जुलैचं स्वस्त तिकीट देणं म्हणजे तक्रार विकत घेणं. छताखालच्या राइडवर खूश असणाऱ्या लहान मुलांच्या घरासाठी तेच तिकीट उत्तम.

पैशाइतकाच वेळही मोजावा लागतो. समजा एका कोस्टरची गाडी वीस माणसांची आहे आणि ती दर अडीच मिनिटांनी सुटते. तासाला ४८० माणसं. आपल्यापुढे ३६० जण असतील तर पाऊण तास गेला. सुट्टीच्या दिवशी दुपारी अशा पाच-सहा रांगांत कुटुंबाचा दिवस संपतो, आणि एका राइडमागे पडलेले पैसे तिथेच वाढतात. रांग टाळून नेणारा वेगळा पास पार्कवाले आपल्यालाही आग्रहाने विकायला सांगतात, त्यावर कमिशनही बरं असतं. आमचं मत स्पष्ट आहे: मधल्या वारी हा पास विकू नये, आणि गर्दीच्या दिवशीही तो सगळ्या घरासाठी विकू नये. मोठ्या राइडमध्ये बसणारे घरात दोघंच असतील तर दोघांपुरता पुरे. त्याऐवजी दार उघडायच्या आधी पोचणं, लोक दारालगतच्या पहिल्या आकर्षणापाशी घोळका करतात तेव्हा सरळ आतल्या टोकाला जाऊन मोठ्या राइड आधी उरकणं, आणि जेवण बाराच्या आत किंवा अडीचनंतर घेणं, एवढं एका कागदावर लिहून द्या. हा कागद फुकट आहे आणि पासाचं बरंचसं काम करतो.

खाण्याचं काय, हा प्रश्न प्रत्येक मराठी घरातून येतो, आणि दिवाळीत तर हमखास. पिशवीत चकल्या, लाडू, वर धपाट्यांचा डबा. बाहेरचं खाणं बहुतेक पार्कांत चालत नाही. तान्ह्या बाळाचं खाणं आणि औषधं तेवढी आत सोडतात. तपासणीच्या टेबलावर सगळ्यांदेखत डबे काढून ठेवताना बाईमाणसाचा चेहरा उतरतो आणि दिवसाची सुरुवातच बिघडते. डबा आणू नका असं सांगायची गरज नाही. डबा गाडीत ठेवा, दार उघडायच्या आधी पोटभर खा, परतताना उरलेला संपवा, असं सांगा. पाण्याची रिकामी बाटली चालते का, आत भरून घ्यायची सोय कुठे आहे, हात शिक्का मारून बाहेर जाऊन परत आत येता येतं का, हे पार्काला फोन करून आपण विचारावं. कुटुंबाने कशाला विचारायचं? वॉटर पार्क असेल तर सुती कपडे, साडी, जीन्स पाण्यात चालत नाही, नायलॉनचेच कपडे लागतात, हे चार दिवस आधी कळवा. आत भाड्याने घ्यायचे तर भाडं, वर अनामत, आणि ती परत मिळवायला संध्याकाळी पुन्हा रांग.

एवढं सगळं करायचं तर आपल्याला काय मिळणार, असं विचाराल, आणि ते रास्तच आहे. तिकिटाच्या नेट रेटवरचा फरक हेच आजवर आपलं उत्पन्न राहिलं, त्यामुळे जास्त तिकिटं, महाग पास आणि मोठी गाडी विकणं यातच आपलं हित अडकलं. चार तिकिटांचं उदाहरण घ्या. तिकीट १,५०० रुपये धरू, हिशेब सोपा राहावा म्हणून सगळी सारखीच. थीम पार्कच्या प्रवेशावर जीएसटी १८ टक्के आहे (जानेवारी २०१८ च्या आधी तो २८ होता), म्हणजे तिकीट १,७७० ला आणि चार तिकिटं ७,०८० ला पडतात. यावर आपले ५०० घालून पॅकेज म्हणून विकलं, तर टूर ऑपरेटरचा ५ टक्के कर ७,५८० च्या पूर्ण रकमेवर लागतो आणि तिकिटावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. बिल ७,९५९ चं होतं. तेच तिकीट कुटुंबाच्या वतीने, जेवढ्याला तेवढ्यालाच काढून दिलं आणि आखणीची फी म्हणून ५०० वेगळे घेतले, तर कर फक्त फीवर, ९० रुपये. बिल ७,६७०. आपले ५०० दोन्हीकडे तेच. कुटुंबाचे २८९ वाचले. ज्यांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत आहे आणि नोंदणी नाही, त्यांना हा प्रश्न नाही, पण फी उघड सांगायला त्यांनाही हरकत नसावी.

कर असा फक्त फीवर बसावा यासाठी ‘प्युअर एजंट’च्या अटी पाळाव्या लागतात. तिकीट काढायला ग्राहकाने आपल्याला सांगितलेलं हवं, तिकिटाची रक्कम बिलात वेगळी दाखवलेली हवी आणि जेवढी भरली तेवढीच वसूल केलेली हवी. नेट रेटने घेऊन छापील किमतीला दिलेलं तिकीट यात बसत नाही. मुक्काम असेल तर ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ ऐवजी ५ टक्के कर आहे. जुन्या दराची कोटेशनं अजून फिरत असतील तर ती मागे घ्या. बिलाचा नवा नमुना आपापल्या सीएला दाखवून नवरात्राच्या आत छापून घ्यावा, आणि त्यावर फीची ओळ तिकिटाच्या ओळीइतक्याच मोठ्या अक्षरांत असावी.